पाच हजार किलोमीटरचा नियम नेमका कोणत्या काळातला?

१/ नाशिकमध्ये द्वारकेपासून सातपूरपर्यंत कोणत्याही गॅरेजसमोर गाडी उभी केली, की मीटरकडे एक नजर टाकून मिस्त्रीचे वाक्य येते : "पाच हजार झाले, ऑइल बदलून घ्या." डब्यावर 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलेले असो वा गाडीसोबतच्या पुस्तिकेत दहा हजार छापलेले असो, वाक्य बदलत नाही. घरातील वडीलधारी मंडळीही त्याला दुजोरा देतात. हा आकडा कोणी मनाने रचलेला नाही. एकेकाळी तो पूर्ण सार्थ होता. पण तो आता बिनतारखेच्या कागदासारखा हातोहात फिरतो आहे, आणि बिनतारखेचा कागद हाती आला की इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी त्याचा काळ ठरवायचा असतो.

२/ आरंभ मोटारीच्या बराच आधी करावा लागतो. 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. त्यातील नळा काय होता हे मात्र आता थोड्यांनाच ठाऊक असते. बैलगाडीला टांगलेला तो वंगणाचा नळा. गाडी त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघाली, की तोही आपोआप यात्रेकरू होई. नळ्यातले वंगण म्हणजे बहुधा एरंडेल आणि त्यात खललेली जाळलेल्या पेंढ्याची काळी राख. लोखंडी आस आणि चाकाचा तुंबा यांच्यामध्ये ते भरायचे, एवढीच यंत्रविद्या.

३/ ते किती कोसांनी भरायचे? याला आकडा नव्हता. चाक कुरकुरू लागले की गाडीवान उतरे, नळा काढी आणि वंगण घाली. मोजमाप कानाने होई. एक गोष्ट इथेच ध्यानात घ्यावी. बैलगाडीत जुने वंगण काढून टाकण्याचा प्रश्नच नव्हता. ते गळून, झिजून, धुळीत मिसळून जाई आणि त्याच्या जागी नवे येई. वंगण 'घालणे' आणि वंगण 'बदलणे' या दोन भिन्न क्रिया आहेत. दुसरीचा जन्म इंजिनासोबत झाला.

४/ एरंडेलाची कथा मात्र बैलगाडीपाशी थांबत नाही. १८९९ साली लंडनमध्ये चार्ल्स चिअर्स वेकफील्ड यांनी वंगणाचा व्यवसाय सुरू केला. १९०९ मध्ये त्यांच्या कंपनीने मोटारी आणि विमानांसाठी एक नवे तेल बाजारात आणले, त्यात एरंडेलाचा अंश होता. एरंडाचे इंग्रजी नाव 'कॅस्टर', त्यावरून तेलाचे नाव पडले 'कॅस्ट्रॉल'. आज गॅरेजच्या भिंतीवर ज्या नावाचा फलक दिसतो, त्याच्या मुळाशी गाडीवानाच्या नळ्यातलेच तेल आहे.

५/ पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांची इंजिने 'रोटरी' प्रकारची होती : मधला दांडा स्थिर आणि संपूर्ण इंजिनच त्याभोवती गरगर फिरणारे. त्यांत एरंडेल वापरले जाई, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. एकदा आत गेलेले तेल जळत, उडत बाहेर पडे. परत येत नसे. बैलगाडीचाच न्याय. त्या तेलाची वाफ नाकातोंडात गेल्याने वैमानिकांची पोटे बिघडत, असे त्या काळातील आठवणींत वारंवार येते. एरंडेल पोटात गेले की काय होते, हे महाराष्ट्रातील घराघरांत वेगळे सांगावे लागत नाही. त्या काळी जगाला एरंडीचे बी पुरवणारा प्रमुख देश हिंदुस्थानच होता.

६/ आता मोटारीकडे. मोटारीच्या इंजिनात तेल खालच्या चेंबरमध्ये साठते, वर चढते, पिस्टन आणि बेअरिंग भिजवते आणि पुन्हा खाली येते. तेच तेल हजारो फेऱ्या मारते. म्हणून ते मळते. जळलेल्या इंधनाची काजळी, न जळलेले पेट्रोल, हवेतील धूळ, थंड इंजिनात साचणारे पाणी आणि धातूचा सूक्ष्म कीस हे सारे त्यात उतरत राहते. उष्णतेने तेलाचे ऑक्सिडेशन होऊन ते दाट होते, आम्ल बनते. तेलाचा मूळ द्रव सहसा 'झिजत' नाही; तो मळतो, आंबतो आणि त्यात घातलेली रक्षक द्रव्ये खर्ची पडतात. तेल बदलण्याचे अंतर म्हणजे या तीन गोष्टींपैकी जी आधी घडेल, तिच्या अलीकडे ओढलेली रेघ.

७/ फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत तेलाचा पंप नव्हता आणि गाळणीही नव्हती. फिरते भाग तेल उडवत आणि ते जिथे पडेल तिथे पडे. अशा गाडीचे तेल काहीशे मैलांतच काढून टाकावे लागे. १९२३ मध्ये अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी मोटारीच्या तेलाची गाळणी आणली. तिचे नाव 'प्युरोलेटर', म्हणजे 'प्युअर ऑइल लेटर' : नंतर शुद्ध तेल. एक गाळणी बसली आणि अंतर वाढले. आकडा तेलाइतकाच आजूबाजूच्या यंत्रावर अवलंबून असतो, याचा हा पहिला ठळक पुरावा.

८/ दुसरा पुरावा काळ्या रंगाचा आहे, आणि त्यावर थोडे रेंगाळायला हवे, कारण गैरसमज इथेच सर्वांत जास्त आहेत. १९३० च्या दशकाच्या आरंभी कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांत पिस्टनच्या रिंगा काजळीच्या चिकट थराने जाम होऊ लागल्या. उपाय म्हणून स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाने १९३५ मध्ये 'डेलो' हे तेल आणले. त्यात स्वच्छता करणारे द्रव्य मिसळलेले होते. हे द्रव्य काजळीला धातूवर बसू देत नाही; ती तेलातच तरंगत ठेवते, म्हणजे तेल काढताना तीही बाहेर पडते.

९/ याचा अर्थ असा, की त्यापूर्वीचे साधे तेल दिसायला स्वच्छ राही आणि इंजिन आतून घाण होई. त्यानंतरचे तेल काळे होते आणि इंजिन स्वच्छ राहते. पट्टी बाहेर काढून, तेल बोटांत चोळून, "काळे पडले, गेले" असा निकाल देण्याची पद्धत आजही चालू आहे. डिझेल गाडीत नवे तेल काहीशे किलोमीटरांत काळे होणे हे ते काम करत असल्याचे लक्षण आहे. काळेपणाला बिघाडाचा पुरावा मानणे म्हणजे १९३५ पूर्वीच्या नजरेने आजचे तेल पाहणे. (तेल दुधासारखे पांढरट दिसले, तर मात्र त्यात पाणी शिरलेले असते, तिथे रंगावर जरूर विश्वास ठेवावा.)

१०/ आता महाराष्ट्र. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. या गाड्या मुंबई-आग्रा रस्त्याने कसारा घाट चढून नाशिकला येत. खालचा गियर, तापलेले इंजिन, कार्ब्युरेटरमधून जादा ओघळणारे पेट्रोल, निम्मा रस्ता धुळीचा आणि आत खनिज तेल. अशा इंजिनासाठी तेल लवकर बदला असे सांगणारा मिस्त्री शहाणाच होता.

११/ डब्यावरच्या अंकांचाही इतिहास आहे. तेलाच्या दाटपणाची वर्गवारी अमेरिकेच्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये प्रथम ठरवली. आरंभीची तेले एकाच अंकाची असत : हिवाळ्यात पातळ, उन्हाळ्यात दाट, आणि ऋतूप्रमाणे बदलायची. १९५० च्या दशकात दोन्ही ऋतूंना चालणारी तेले रुळली. '२०डब्ल्यू-४०' मधील डब्ल्यू म्हणजे 'विंटर', हिवाळा. ज्या देशात हा अंक ठरला तिथे हिवाळा म्हणजे गोठवणारी थंडी. आपल्याकडे निफाडचा पारा काही हिवाळ्यांत एक-दोन अंशांपर्यंत उतरतो आणि द्राक्षबागायतदाराची झोप उडते, पण तेवढ्याने तेल गोठत नाही. म्हणून '२०डब्ल्यू' सारखे दाट तेल भारतात दीर्घकाळ निर्वेध चालले.

१२/ मग आली स्कूटर, आणि तेलाच्या बाबतीत एक अख्खी पिढी निराळ्या शाळेत शिकली. १९७२ मध्ये बाजारात आलेली बजाज चेतक टू-स्ट्रोक होती. तिच्यात इंजिनचे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे, लिटरला साधारण २० मिलिलिटर, आणि ते धूर होऊन निघून जायचे. पुन्हा बैलगाडीचा आणि रोटरी विमानाचा न्याय. इंजिन ऑइल 'बदलणे' ही कल्पनाच या स्कूटरस्वाराला अनोळखी होती. बदलायचे ते फक्त गियर ऑइल. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० ही फोर-स्ट्रोक मोटारसायकल आली, तेव्हा या पिढीला प्रथमच सांगावे लागले, की तेल जळत नसले तरी ते संपते. अशा वेळी लक्षात राहील असा एक ठळक, गोल आकडा लागतो. १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० ने तोच धडा मध्यमवर्गीय कुटुंबांना दिला. नियम लोकांच्या मनात पक्का झाला तो याच दशकात.

१३/ डिझेलच्या बाजूने आणखी भक्कम कारण होते, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही : गंधक. डिझेलमधील गंधक जळले की त्याची ऑक्साइडे होतात, पाण्याशी त्यांचा संयोग झाला की सल्फ्युरिक आम्ल. हे आम्ल सिलिंडर आणि बेअरिंग खाते. म्हणून तेलात आम्लाला मारणारी आम्लारी द्रव्ये आधीच घालून ठेवतात. तो साठा संपला की तेल दिसायला कसेही असो, निरुपयोगी. डिझेलमध्ये गंधक जितके जास्त, साठा तितका लवकर रिकामा.

१४/ आता आकडे पाहावेत. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतातील डिझेलमध्ये १ टक्का, म्हणजे दहा लाख भागांत १०,००० भाग गंधक चालत असे. २००० सालच्या सुमारास ही मर्यादा २,५०० वर आली. भारत स्टेज दोनमध्ये ५००, तीनमध्ये ३५०, चारमध्ये ५०. स्टेज चार १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाला आणि १ एप्रिल २०२० पासून स्टेज सहा, मर्यादा अवघी १०. पाव शतकात हजारपटीने घट. तेलाला ज्या शत्रूसाठी वारंवार ताजे करावे लागे, तो शत्रू जवळजवळ नाहीसा झाला. पाच हजारांचे वाक्य मात्र जागच्या जागी राहिले.

१५/ या कथेशी नाशिकचा संबंध नुसता गिऱ्हाइकाचा नाही. डिझेल इंजिनाचे नाक म्हणावे असे इंजेक्टर आणि नोझल सातपूरला बनतात. १९५१ मध्ये बंगळुरात स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचा, म्हणजे मायकोचा, कारखाना इथे आला. इगतपुरीला महिंद्रांचा इंजिनांचा कारखाना आहे. २००२ ची स्कॉर्पिओ नाशिकमध्येच तयार झाली. इंधनाचा फवारा जितका बारीक आणि अचूक, तितके ज्वलन पुरे आणि तेलात उतरणारी काजळी कमी. तेल बदलण्याचे अंतर वाढवण्यात ज्यांचा हात लागला, ते कामगार याच शहरात पाळीवर जात होते. २००८ मध्ये मायकोचे नाव बदलून बॉश झाले, तरी नाशिककर रिक्षावाल्याला आजही 'मायको सर्कल'च सांगतो. स्थळांची नावे कारण सरल्यावरही टिकतात आणि त्यात काही बिघडत नाही. आकड्यांच्या बाबतीत बिघडते, कारण त्यांच्यावर पैसा खर्च होतो.

१६/ आता 'सिंथेटिक' या शब्दाकडे. खनिज तेल म्हणजे कच्च्या तेलातून गाळून घेतलेला अंश. त्यात लहानमोठे, वाकडेतिकडे असे सर्व प्रकारचे रेणू असतात. सिंथेटिक तेलाचे रेणू ठरवून घडवलेले असतात. दुसऱ्या महायुद्धात थंडीत न गोठणारी आणि कच्च्या तेलावर कमी विसंबणारी वंगणे जर्मनीला हवी होती, आय. जी. फार्बेनमधील हेरमान त्सोर्न यांनी त्यासाठी एस्टर वर्गातील संयुगांवर मोठे काम केले. युद्धानंतर जेट विमाने आली. त्यांच्या तापमानाला खनिज तेल टिकेना, म्हणून १९५० च्या दशकात एस्टर तेले वापरात आली.

१७/ त्या जेट तेलांतील एक मुख्य घटक सेबॅसिक आम्लापासून बनवत, आणि सेबॅसिक आम्ल बनते एरंडेलापासून. बैलगाडीच्या नळ्यातला एरंड रसायनशाळेतून फिरून जेट विमानात पोचला. 'सिंथेटिक' म्हणजे निसर्गाशी नाते तोडलेले काहीतरी, अशी समजूत ज्यांची असेल त्यांनी हा प्रवास अवश्य लक्षात ठेवावा.

१८/ रस्त्यावरच्या मोटारीसाठी हे तेल यायला १९७२ उजाडले. अमेरिकी हवाई दलाच्या राखीव तुकडीचे नेतृत्व केलेले अल्बर्ट अमातुझिओ यांनी जेटच्या तेलावरून कल्पना घेऊन 'ॲम्सऑइल' आणले आणि २५,००० मैल किंवा एक वर्ष असा दावा केला. तेव्हा तो अचाट वाटला असणार. लगेच १९७३ चे तेलसंकट आले आणि कमी तेलात जास्त अंतर ही कल्पना एकाएकी आकर्षक झाली. त्याच दशकाच्या मध्यावर मोबिल वन बाजारात आले.

१९/ पुढची घटना शब्दार्थाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. कॅस्ट्रॉलने आपल्या 'सिंटेक' तेलात रेणू घडवून केलेल्या द्रवाऐवजी हायड्रोजनच्या साह्याने अतिशय शुद्ध केलेले खनिज तेल वापरायला सुरुवात केली आणि नाव 'सिंथेटिक'च ठेवले. मोबिलने तक्रार केली. १९९९ मध्ये अमेरिकेतील जाहिरातींची छाननी करणाऱ्या स्वनियामक मंडळाने निर्णय दिला, की असे तेलही सिंथेटिक म्हणून विकता येईल. वैज्ञानिक व्याख्येचा प्रश्न जाहिरातींच्या पंचायतीत निकाली निघाला. तेव्हापासून डब्यावरचा हा शब्द घडणीपेक्षा दर्जाची ढोबळ पातळी सांगतो. ही तेले वाईट आहेत असे मुळीच नाही. बरीचशी उत्तम आहेत. पण केवळ 'सिंथेटिक' या शब्दावरून तेल किती किलोमीटर टिकेल हे काढता येत नाही.

२०/ मग टिकाव कशावरून काढायचा? गाडीच्या पुस्तिकेवरून. तेल, गाळणी, इंधन आणि इंजिन यांची एकत्र परीक्षा घेऊन आकडा देणारा तोच एक दस्तऐवज आहे. भारतातील बहुतेक नव्या पेट्रोल मोटारींना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असा आकडा असतो. फोक्सवागन आणि स्कोडा १५,००० सांगतात. युरोपात फोक्सवागनच्या काही गाड्यांना विशिष्ट तेलावर ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत मुभा असते. अमेरिकेतही ३,००० मैलांचा असाच जुना नियम मुरलेला होता. तो सोडून पुस्तिकेतील अंक पाहा, असे सांगण्यासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या कचरा व पुनर्वापर खात्याला मोहीम चालवावी लागली. ३,००० मैल म्हणजे किलोमीटरमध्ये किती? ४,८००. नाशिकचा मिस्त्री आणि अमेरिकेतील मेकॅनिक एकाच पिढीचा आकडा बोलत होते.

२१/ यावर येणारा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. युरोपातील मोकळा, थंड, स्वच्छ रस्ता कुठे आणि घोटी-सिन्नरची धूळ कुठे? पुस्तिकेचा आकडा इथे कसा चालेल? उत्तर पुस्तिकेतच आहे, पण ते पान कोणी उघडत नाही. सर्वसाधारण वापर आणि कठीण वापर असे दोन भाग तिथे असतात. धूळ, घाट, ओझे ओढणे, दीर्घकाळ उभ्या जागी इंजिन चालू ठेवणे, आणि अगदी थोड्या अंतराच्या फेऱ्या, हे सारे कठीण वापरात मोडते आणि तिथे अंतर कमी केलेले असते. रोज कसारा उतरून चढणाऱ्या टॅक्सीने पाच-सात हजारांवर तेल बदलले, तर ती जुन्या समजुतीला नव्हे, छापील सूचनेलाच मान देते.

२२/ दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेतील ट्रॅक्टर तर किलोमीटरची भाषाच नाकारतो. ब्लोअर जोडून ओळींमधून औषध मारताना तो दिवसभरात चालतो थोडा, पण इंजिन पूर्ण वेगाने फिरत असते. म्हणून ट्रॅक्टरला तासांचे मीटर असते. २५० तास हा अनेक पुस्तिकांत आढळणारा अंक आहे. गाडीवान कानाने मोजत होता, बागायतदार तासाने मोजतो, मोटारवाला किलोमीटरने. मोजपट्टी कामानुसार ठरते.

२३/ गंमत अशी, की काही नव्या गाड्यांत तेल पूर्वीपेक्षा लवकर बिघडू शकते. स्टेज सहाच्या डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडवणारी जाळी असते. ती भरली की इंजिन जादा डिझेल सोडून ती जाळून साफ करते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, तापून चालावी लागते. कॉलेज रोडवरून सातपूरपर्यंत पाच-सहा किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत ही सफाई वारंवार अर्धवट राहते आणि न जळलेले डिझेल तेलात उतरते. पट्टीवर तेलाची पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसते. वाढलेले तेल पाहून खूश होऊ नये. ते पातळ झालेले असते. अशा गाड्यांना जाळी न तुंबवणारे, कमी राखेचे तेलच लागते. डब्यावर सिंथेटिक लिहिलेले असूनही दुसऱ्या वर्गातील तेल तिथे नुकसान करते.

२४/ या धाग्याचे बहुतेक वाचक दुचाकीवर फिरतात, त्यांच्यासाठी एक स्वतंत्र इशारा. मोटारसायकलमध्ये बहुधा एकच तेल इंजिन, गियर आणि क्लच या तिघांना पुरते, आणि ते जेमतेम एक लिटरच्या आसपास असते. गियरचे दात तेलातील लांब रेणू चिरडतात, त्यामुळे त्याचा दाटपणा मोटारीतल्यापेक्षा लवकर उतरतो. तेलात बुडालेल्या क्लचला घर्षण हवे असते. मोटारीच्या महागड्या तेलातील घर्षण कमी करणारी द्रव्ये त्याला घसरवू शकतात. याच अडचणीतून १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानी 'जासो' मानक आले. मोटारसायकलच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' ही अक्षरे शोधावीत, 'सिंथेटिक' हा शब्द नंतर. दुचाकीचा आकडा मोटारीहून लहान असतो, त्याचे कारण हे आहे; मोठ्या भावाच्या कारचा अंक तिला लावू नये.

२५/ मिस्त्री पाच हजारांचा आग्रह का धरतो, याचे 'त्याला तेल विकायचे आहे' हे उत्तर फार सोपे आणि बरेचसे अन्यायाचे आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी वंगणाचा बाजार खुला झाला आणि देशीविदेशी नावांची गर्दी झाली. तेल विकण्यात नफा आहे हे खरेच. पण मिस्त्रीने रिंगा जाम झालेली आणि बेअरिंग खाल्लेली इंजिने हाताने उघडली आहेत. त्याच्या आकड्यामागे साक्ष आहे. ती साक्ष कार्ब्युरेटरची, गंधकाच्या डिझेलची आणि भेसळीच्या तेलाची आहे, इतकेच. जुन्या जीपसाठी, १९९५ च्या डिझेल टेम्पोसाठी ती आजही शिरोधार्य मानावी.

२६/ अंदाजाच्या पलीकडे जाण्याचा मार्गही जुनाच आहे. रेल्वेच्या डिझेल लोको शेडमध्ये प्रयोगशाळा असते. इंजिनातील तेलाचा नमुना काढून त्यात तांबे, लोखंड, शिसे किती आले हे वर्णपटावरून पाहतात आणि कोणता भाग झिजतो आहे ते इंजिन न उघडता ओळखतात. घरच्या एका मोटारीसाठी हा खटाटोप परवडणार नाही. पण बस किंवा ट्रकचा ताफा बाळगणाऱ्याने अजूनही केवळ मीटर पाहून तेल फेकावे, याला आळसाखेरीज कारण दिसत नाही.

२७/ आता हिशेब. वर्षाला १०,००० किलोमीटर चालणाऱ्या, साध्या वापरातील मोटारीत ४ लिटर तेल मावते असे धरू. पुस्तिका वर्षातून एकदा म्हणते, जुना नियम दोनदा. दहा वर्षांत एका गाडीमागे ४० लिटर तेल अकाली बाहेर पडते. वर्षाला काही हजार रुपये गेले, हा त्यातला लहान भाग. मोठा भाग असा, की ते ४० लिटर कुठेतरी जाते.

२८/ मराठीत त्याला 'जळके ऑइल' म्हणतात. बांधकामावर शटरिंगच्या फळ्यांना ते फासतात, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला चोपडतात, भट्टीत जाळतात, आणि उरलेले गटारात जाते. काजळी तेलात धरून ठेवणाऱ्या त्याच द्रव्यांमुळे जड धातूही त्यात तरंगत असतात. १९८९ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांपासून वापरलेले तेल हा कायद्याच्या कक्षेतील पदार्थ आहे आणि ते नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडेच जायला हवे. १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करून शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी टाकली गेली आहे. त्यामुळे तेल बदलून झाल्यावर जुने कोणाला देता, हे गॅरेजमध्ये विचारण्याचा गिऱ्हाइकाला पुरता अधिकार आहे.

२९/ बैलगाडीचे गळलेले वंगण म्हणजे एरंडेल आणि राख. माती ते पचवून टाकी. इंजिनचे तेल माती पचवत नाही. नाशिकची नासर्डी सातपूरच्या बाजूने येते, शहराच्या मधून वाहते आणि टाकळीपाशी गोदावरीला मिळते. वाटेत तिला मिळणाऱ्या नाल्यांवर गॅरेजे आहेत, आणि त्यांच्या दारात दर पाच हजारांना रिकामे होणारे चेंबर.